जे सोपं जातं ते मी मोजतच नव्हते

आपलं बळ आपल्यालाच का दिसत नाही, यावर गेले कित्येक दिवस लिहायचं मनात होतं पण आधी मार्च एंडिंग, मग मुलीची परीक्षा, मग गावची जत्रा असं करत राहूनच गेलं. आज रविवार, घरातले सगळे दुपारचे झोपलेत, तर लिहूनच टाकते.

मी ११ वर्षं घरी होते. बी.कॉम. झालेलं, २०१२ पर्यंत एका सीएंच्या ऑफिसात काम केलेलं, मग मुलगी झाली, सासऱ्यांचं आजारपण निघालं आणि नोकरी सुटली ती सुटलीच. २०२३ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी, शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये अकाउंट्सला लागले. कोल्हापूरच्या लोकांना सांगायला नको, आमच्याकडं फाउंड्र्या आणि मशीन शॉपचं जाळंच आहे, एकीकडं कास्टिंग ओतायचं, दुसरीकडं त्याचं मशीनिंग करायचं, तिसरीकडं ते पंपात नाहीतर गाडीत बसवायचं. आमचं काम मधलं. माणसं पस्तीसेक, ऑफिसात आम्ही तिघं.

मी काम सोडलं तेव्हा व्हॅट होता, परत आले तेव्हा जीएसटी येऊन सहा वर्षं झालेली. बाकीचे दोघं पंचविशीच्या आतले, टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, माऊसला हात लावत नाहीत, सगळं कीबोर्डवर खटाखट, आणि मला एका परचेस एन्ट्रीला दहा मिनिटं. एकदा मी जीएसटीच्या साइटवरची बिलं आणि आमच्या पुस्तकातली बिलं जुळवत बसले होते, एक रक्कम काही केल्या बसेना, तर शेजारच्या पोरानं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "मॅडम राहू दे, द्या मी करतो," आणि माझ्या हाताखालून माऊस हळूच काढून घेतला. अगदी चांगल्या मनानं. ओरडला असता तर एवढं लागलं नसतं. त्या दिवशी संध्याकाळी पंचगंगेच्या पुलावरून घरी येताना गाडी चालवता चालवता डोळे भरून आले, कारण मला वाटलं की झालं, आपले दिवस संपले, आता आपण कुणाच्या तरी मेहरबानीवर इथं बसलोय.

मग मी काय केलं तर एक वही केली. वर लिहिलं 'सुधारायच्या गोष्टी'. एक्सेल, इंग्लिश मेल, टायपिंगचा स्पीड, टीडीएसचे (पेमेंट करताना कापायच्या टॅक्सचे) नवे रेट, मीटिंगमध्ये बोलता येत नाही, चटकन उत्तर सुचत नाही... अशा १४ गोष्टी झाल्या. रोज रात्री ती वही उघडायची आणि आज कुठं कमी पडले ते लिहायचं. तीन महिने नेमानं केलं हे. मनापासून सांगते, त्या तीन महिन्यांत मी एक्सेल काही फार शिकले नाही पण झोप गेली. सकाळी ऑफिसचा दरवाजा ढकलायच्या आधीच पोटात गोळा यायचा. स्वतःच्या उणिवांची रोज उजळणी केली की त्या पाठ होतात एवढंच, कमी होत नाहीत.

आता ज्या फोनवरून सगळं फिरलं त्याबद्दल.

कागलकडच्या एका पार्टीकडं, म्हणजे आमचा माल घेणाऱ्या कंपनीकडं, आमचे २ लाख ८६ हजार सात महिने अडकले होते. आमच्यातलं कोणीतरी दर सोमवारी फोन करायचं, "सर पेमेंट कधी करताय?" पलीकडून उत्तर ठरलेलं, "पुढच्या आठवड्यात बघू." असे वीस-पंचवीस सोमवार गेले असतील. एका सोमवारी दोघंही पोरं सुट्टीवर होती म्हणून मालक मला म्हणाले, तुम्ही लावा फोन. मी लावला. मला 'कधी करताय' असं विचारायलाच जमेना, लाज वाटली, म्हणून मी विचारलं, "दादा, आमचं कुठल्या बिलावर अडलंय का हो तुमच्याकडं?"

पलीकडचा माणूस जरा थांबला. मग म्हणाला, मॅडम खरं सांगू का, तुमच्या चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, जुना पीओ नंबर (आमच्या ऑर्डरचा नंबर) पडलाय, त्यामुळं स्टोअरमध्ये माल आत घेतल्याची नोंदच झाली नाही, नोंद नाही तर बिल पास होत नाही, आणि हे मला कुणी विचारलंच नाही. मी म्हटलं, सगळ्या बिलांचं तसं आहे का? बघतो म्हणाला. मी म्हटलं बघा, मी फोन धरते. आणि धरला. मागं त्यांच्या ऑफिसातला आवाज येत होता, कुणीतरी चहा सांगत होतं, कागद उलटण्याचा आवाज. तेवढ्यात तो आपण होऊन म्हणाला की गेला महिना मी निम्मा रजेवर होतो, आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळं सगळंच मागं पडलंय. मी विचारलं, चालायला लागल्या का त्या, वॉकर घेतलाय का, माझ्या सासूबाईंना फिजिओथेरपीचा उपयोग झाला होता. पाच मिनिटं आम्ही त्यावरच बोललो. मग त्यानं सांगितलं, पाच बिलांतली दोनच अडकलीत, दोन्ही मिळून ४१ हजारांची. मी म्हटलं, मग ती दोन बाजूला ठेवू, मी चलन दुरुस्त करून उद्या पाठवते, बाकीच्या तिन्हीचं तेवढं करा की.

गुरुवारी २ लाख ४५ हजार जमा झाले.

मालकांनी मान हलवली आणि म्हणाले, "कसं काय केलं ओ?" आणि माझं उत्तर होतं, "काही नाही, नुसतं विचारलं." मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं की त्यात काय विशेष, कुणीही करेल. पण घरी येताना डोक्यात घोळत राहिलं की कुणीही करेल म्हणावं तर सात महिने कुणी का केलं नाही?

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. आपलं बळ आपल्याला दिसत नाही कारण ते आपल्याला जड जात नाही. जे करताना घाम फुटतो ते आपण 'काम' म्हणून मोजतो आणि जे हातासरशी होतं ते मोजतच नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते याच्यासाठीच असावं. मी सहा वर्षं आमच्या कॉलनीतली भिशी चालवली, २० बायका, दर महिन्याला २ हजार, म्हणजे महिन्याला ४० हजारांचा व्यवहार, एकदाही हप्ता बुडाला नाही की भांडण झालं नाही. पण बायोडाटा करताना त्या ११ वर्षांच्या जागी मी काय लिहिलं होतं? 'घरगुती कारणास्तव खंड.'

आणि यात आपल्या वाढवण्याचाही भाग आहे असं मला वाटतं. आमच्या घरी तोंडावर कौतुक करायची पद्धतच नव्हती, पोरं डोक्यावर चढतात, दृष्ट लागते. मला आठवतं, प्रगतीपुस्तक घरी आलं की वडील आधी लाल शाई शोधायचे. मराठीत ८२ असायचे, इतिहासात ७९, त्यावरून बोट सरळ खाली घसरायचं आणि गणिताच्या ३७ वर थांबायचं. त्यांचं बोट अजून दिसतं मला, नखात ग्रीसची काळी रेघ, कारण तेही वर्कशॉपातलेच. त्यात त्यांची माया होती, काळजी होती, मी नापास होऊ नये म्हणून धडपड होती, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण ते बोट मी पुढं स्वतःच चालवायला लागले आणि ४१व्या वर्षापर्यंत थांबवलं नाही. ती १४ मुद्द्यांची वही म्हणजे तेच बोट की.

त्या फोननंतर मी या विषयावर वाचायला लागले, रात्री वहीच्या ऐवजी. तेव्हा कळलं की यावर रीतसर अभ्यास झालाय. अमेरिकेतले मार्टिन सेलिग्मन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, १९९८ मध्ये ते तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्यांनी तेव्हा हा मुद्दा लावून धरला की आपल्या शास्त्रानं माणसात काय बिघडतं याचा इतका अभ्यास केला, आता काय नीट चालतं याचाही करूया. पुढं २००४ मध्ये त्यांनी आणि ख्रिस्तोफर पीटरसन यांनी माणसाच्या स्वभावातल्या २४ बलस्थानांची यादी केली, त्यात कुतूहल, चिकाटी, माया, न्यायबुद्धी, विनोदबुद्धी, कृतज्ञता असं सगळं आहे. मला आवडलं ते हे की त्यात टायपिंग स्पीड नाही, एक्सेल नाही. ती कौशल्यं झाली, शिकता येतात, जुनी होतात. ही यादी म्हणजे आपण मूळचे कशा मातीचे आहोत त्याची.

आणि २००५ चा त्यांचा एक प्रयोग आहे तो मला फार पटला. इंटरनेटवरून स्वतःहून आलेल्या लोकांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एका आठवड्यापुरता वेगवेगळा गृहपाठ दिला. एका गटाला सांगितलं, तुमची बलस्थानं ओळखा आणि ती जास्त वापरा. दुसऱ्या गटाला सांगितलं, ओळखा आणि त्यातलं एक रोज नव्या प्रकारे वापरा. आणखी एका गटाला रोज रात्री दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी आणि त्या का घडल्या ते लिहायला लावलं. नुसतं ओळखून जास्त वापरा म्हटलेल्यांना बरं वाटलं पण ते लवकरच ओसरलं, आणि नव्या प्रकारे वापरणाऱ्यांचा आणि तीन गोष्टी लिहिणाऱ्यांचा आनंद वाढलेला आणि उदासी कमी झालेली सहा महिन्यांनीही दिसत होती. आता ही माणसं आपल्या मर्जीनं आलेली, म्हणजे आधीच बदलायची इच्छा असलेली, त्यामुळं सगळ्या जगाला हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण 'नव्या प्रकारे' हा शब्द मी धरून ठेवला. मोबाइलवर टेस्ट देऊन 'माझ्यात चिकाटी आहे' असं कळलं आणि स्टेटसला टाकलं, एवढ्यानं काही होत नाही.

आता मला माझं बळ काय ते नक्की कळेना, एका फोनवरून काय ठरवणार. तर मिशिगन विद्यापीठातल्या लोकांनी तयार केलेली एक पद्धत वाचली, त्यात आपल्या ओळखीच्या १०-२० माणसांना विचारायचं की तुम्ही मला सगळ्यात चांगल्या रूपात कधी बघितलं. मी १० जणांना व्हॉट्सॲप केला. लिहिलं की कौतुक नको, एक प्रसंग सांगा, मी तुमच्या उपयोगी पडले असेन असा. पाठवताना हात थरथरत होता, कारण असलं विचारणं आपल्यात बसत नाही ना. दोघींचा लगेच फोन आला की तू बरी आहेस ना, काही झालंय का?

पण सात जणांनी लिहिलं. नणंदेनं लिहिलं की बाबा दवाखान्यात होते तेव्हा डॉक्टर बदलले की तू तुझा तो कागद काढून कुठलं औषध कधी सुरू झालं आणि कधी बंद केलं ते ओळीनं सांगायचीस, आम्ही सगळे घाबरलेलो असायचो आणि तुझा आवाज शांत असायचा. मी तो कागद साफ विसरले होते. भिशीतल्या एका वहिनींनी लिहिलं की आमच्या ह्यांचं काम बंद होतं तेव्हा तुम्ही माझा नंबर दुसरीशी बदलून दिलात आणि बाकी कुणाला कधी कळू दिलं नाहीत, मी ते विसरणार नाही. सासूबाई टाइप करत नाहीत, त्यांनी मेथी निवडता निवडता तोंडीच सांगितलं, "तू ऐकून घेतीस. बाकीचे आपलं बोलणं कधी संपतंय त्याची वाट बघत्यात."

सगळे प्रसंग एका कागदावर उतरवून काढले तर तीनच गोष्टी परत परत येत होत्या. ऐकून घेते, कुठं अडलंय ते शोधते, आणि कुणाची गोष्ट इकडची तिकडं करत नाही. माझ्या १४ मुद्द्यांच्या वहीत यातलं काहीच नव्हतं, कारण तिथं 'आहे' ला जागाच नव्हती, सगळं 'नाही' होतं.

मग मी मालकांना जाऊन सांगितलं की सगळ्या थकबाकीचे फोन माझ्याकडं द्या. मागून घेतलं, हे महत्त्वाचं. पोरांना तर सुटल्यासारखंच झालं, त्यांना ते फोन नको असायचे. प्रत्येक पार्टीचं मी एक पान केलं, फोन कुणाशी झाला, काय अडलंय, घरी काय चाललंय. मार्च २०२४ मध्ये तर माझा फोन खाली ठेवायला सवड नव्हती, कारण त्या वर्षापासून इन्कम टॅक्सचा तो नियम लागू झाला होता, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं पेमेंट मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत, केलं नाही तर पैसे देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षी धरायचा. आमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे, लघु उद्योगात बसतो. तो नियम मी नीट वाचून काढला, सीएंना दोनदा विचारून घेतला, आणि लोकांना धमकीच्या सुरात न सांगता "तुमचाच टॅक्स वाढेल हो, ३१च्या आत करून टाका" असं सांगायचे. बघा, नवीन गोष्ट शिकलेच ना मी, आणि पटकन शिकले, कारण ती माझ्या बळाला जोडलेली होती. अल्बर्ट बांडुरा म्हणून मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले, त्यांनी १९७७ मध्येच मांडलंय की 'मला हे जमेल' हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः काहीतरी करून ते जमल्याच्या अनुभवातून, दुसऱ्यांनी धीर दिल्याचा नंबर नंतर लागतो. मला आरशासमोर उभं राहून 'मी करू शकते' म्हणण्यानं कधी काही झालं नाही, त्या गुरुवारच्या बँकेच्या मेसेजनं झालं.

एक चूक पण सांगायला पाहिजे, कारण हे सगळं वाचून कुणाला वाटेल की बस्स, आता बळावर स्वार व्हायचं. एका छोट्या पार्टीचं मी फारच ऐकून घेतलं. त्यांच्याकडं खरीच अडचण होती, मला वाईट वाटायचं, मी मुदत देत गेले आणि माल पण जात राहिला. शेवटी १ लाख १० हजारांतले निम्मेच आले. बळ जास्त झालं की तेच खड्ड्यात घालतं, भाजीत मीठ पाहिजे म्हणून मूठभर टाकत नाही आपण. तेव्हापासून मी नियम केलाय की फोन ठेवायच्या आधी तारीख आणि रक्कम त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायची आणि लगेच व्हॉट्सॲपवर टाकायची, आणि दोन तारखा चुकल्या की माल थांबवायचा निर्णय मालकांचा, माझा नाही.

आणि उणिवा सोडून द्यायच्या असंही मी म्हणत नाही. एक्सेल मी शिकले, कामापुरतं. व्ही-लूकअप येतं, फिल्टर येतो, जुळवणी आता पाऊण तासात होते. त्यात मी कधी कुणाच्या पुढं जाणार नाही आणि त्याचं आता दुःख नाही, अडू नये एवढं आलं की पुरे.

अजून एक, आणि हे अगदी कळकळीनं सांगते. माझी झोप जात होती पण ती महिन्याभरात परत आली. माझ्या एका मैत्रिणीचं तसं नव्हतं, तिला अंघोळ करायला उठणं जड जायचं, तिला मी उत्साहाच्या भरात ही बलस्थानांची यादी पाठवली आणि ती म्हणाली, "हे वाचून अजून वाईट वाटलं गं, माझ्यात यातलं एकही दिसत नाहीये." तेव्हा मला कळलं की डिप्रेशन वेगळं असतं, तिथं आधी डॉक्टर पाहिजेत. तिनं औषधं घेतली, आता बरी आहे. कुणाला तसं वाटत असेल तर सरकारची टेली-मानस म्हणून मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, फोन करा, लाजू नका.

घरी एक बदल केलाय. मुलीच्या पालकसभेला मी यावेळी आधी गणिताचं विचारलं नाही. बाईंना विचारलं, ही वर्गात काय करताना खुश असते? बाई दोन मिनिटं विचारात पडल्या, बहुतेक त्यांना असं कुणी विचारत नसावं, मग म्हणाल्या की गटाचं काम असलं की सगळ्यांना कामं वाटून देते आणि जो गप्प बसलेला असतो त्याला आधी विचारते. मुलगी शेजारी उभी होती, तिनं माझ्याकडं बघितलं. गणिताची शिकवणी चालूच आहे, त्याला पर्याय नाही.

गेल्या मंगळवारची गोष्ट. ज्या पोरानं माझ्या हातातला माऊस घेतला होता ना, तो खुर्ची ओढून माझ्या टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही फोन करताना मी बसू का इथं? त्या सांगलीवाल्यांनी माझा फोन तीनदा कट केला." मी म्हटलं बस. पहिला फोन स्पीकरवर लावला. तो वही घेऊन बसला होता, काहीतरी लिहीत होता. झाल्यावर मी वाकून बघितलं तर वर तारीख आणि खाली तीनच ओळी: 'कुठं अडलंय विचारणे. फोन धरून ठेवणे. आईची चौकशी.' मग त्यानं वही मिटली, माझ्याकडची शीट उघडली आणि म्हणाला, आता मी तुम्हाला एक्सेलमधलं पिव्हट टेबल दाखवतो, या यादीला फार उपयोग होईल. माऊस माझ्याच हातात होता.